त्या रात्री तोंडात रामरक्षा आली, मग माझं देव न मानणं खोटं होतं का?

पत्र थोडक्यात असं आहे. ताई ३७ वर्षांच्या, मूळ सातारा जिल्ह्यातल्या, सध्या पुण्यात. मिस्टर लष्करात हवालदार. दोघंही कॉलेजपासून देव न मानणारे, लग्न सत्यशोधक पद्धतीने केलेलं, घरात देवघर आहे पण ते सासूबाईंचं. मे २०२५ मध्ये मिस्टर जम्मू-काश्मीरच्या सीमेवर, पूंछच्या बाजूला होते. ७ मेपासून तिकडे पाकिस्तानी तोफांचा मारा सुरू झाला, फोन लागेना, टीव्ही बंद करवेना, आणि दुसऱ्या रात्री कधीतरी ताईंच्या लक्षात आलं की आपण रामरक्षा म्हणतोय, लहानपणी आजीने पाठ करून घेतलेली, आणि ती थांबतच नाहीये. ११ वर्षांच्या लेकीने ते ऐकलं आणि त्याबद्दल विचारलंही. त्याच रात्री सासूबाईंनी तुळजाभवानीला नवस बोलला की पोरगा सुखरूप राहिला तर सुनेच्या हातून ओटी भरेन आणि घरी गोंधळ घालेन. मिस्टर सुखरूप आहेत, मध्ये रजेवर येऊनही गेले. त्यांच्या पाकिटात एका साथीदाराने दिलेला काळा दोरा सापडला, विचारलं तर म्हणाले, राहू दे गं. पुढच्या रजेत गोंधळ घालायचा असं ठरतंय. सासूबाई नातेवाइकांना सांगतायत की वेळ आली की देव आठवतोच, आणि चळवळीतली जुनी मैत्रीण म्हणाली की म्हणजे आतून तू कधी सुटलीच नव्हतीस. ताई विचारतात, माझं न मानणं फक्त सुखाच्या दिवसांपुरतं होतं का? नवसाला बसू का? आणि लेकीला काय सांगू?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. सल्ला मागण्यापेक्षा तुम्ही त्यात जबाबच जास्त दिलाय, कुठल्या रात्री, किती वाजता, किती वेळ, मोठ्याने की मनात, जणू कोणी चौकशी लावलीये तुमच्यावर. आणि गंमत बघा, चौकशी करणारे दोघं एकमेकांच्या विरुद्ध पार्टीतले आहेत पण दोघांचा निकाल एकच, सासूबाई म्हणतात तू खरी आमचीच, मैत्रीण म्हणते तू खरी त्यांचीच. तुम्ही स्वतः काय म्हणताय हे कोणी विचारलेलंच नाही.

दोघींनी एक गोष्ट गृहीत धरलीये आणि तुम्हीही ती निमूटपणे मान्य करून टाकलीत, की माणूस जेव्हा जास्तीत जास्त घाबरलेला असतो तेव्हाच तो खरा असतो. हे कोणी ठरवलं? रात्री दोन वाजता, दोन दिवस न झोपलेली, पोटात अन्न नसलेली बाई जे बोलते ते खरं, आणि तीच बाई वीस वर्षं शांत डोक्याने विचार करून, वाचून, घरच्यांशी भांडून ज्या मतावर आली ते मात्र वरवरचं? मी तर उलट म्हणेन. तुम्ही त्या रात्री घराचे कागद सही करून दिले असते तर कुठल्याही वकिलाने सांगितलं असतं की ही सही धरू नका. ठेच लागल्यावर आपण सगळे आई गं म्हणतो, ज्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली ते पण म्हणतात, त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढत नाही की यांना वाटतं आई येऊन वाचवेल.

तुमच्या सासूबाई म्हणतात ते जगभर म्हटलं जातं, खंदकात कोणी नास्तिक नसतो असं. ते वाक्य गाजलं १९४२ च्या सुमारास, फिलिपिन्समधल्या बटानला जपान्यांनी अमेरिकन आणि फिलिपिनो फौजा कोंडून धरल्या होत्या तेव्हा. नेमकं पहिल्यांदा कोण म्हणालं यावर वाद आहेत, पण ते पसरवलं ते धर्मगुरूंनी आणि पत्रकारांनी, म्हणजे हे दुसऱ्यांनी दुसऱ्यांबद्दल बोललेलं वाक्य आहे. अमेरिकेत देव न मानणारे माजी सैनिक या वाक्यावर चांगलेच चिडतात, त्यांच्या रीतसर संघटना आहेत. पॅट टिलमन नावाचा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू खेळ सोडून सैन्यात गेला आणि २००४ मध्ये अफगाणिस्तानात आपल्याच बाजूच्या गोळ्यांनी मेला, त्याच्या शोकसभेत लोक देवाच्या गोष्टी करायला लागले तेव्हा त्याचा भाऊ उठून सरळ म्हणाला की तो धार्मिक नव्हता. तेव्हा खंदकात नास्तिक असतात, एवढं तरी पक्कं.

पण दुसरी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने आपल्याच सैनिकांना विचारलं होतं की फार वाईट वेळ आली तेव्हा कशाने धीर आला, आणि प्रार्थनेने खूप मदत झाली म्हणणाऱ्या साध्या पायदळ सैनिकांची संख्या प्रचंड होती. मात्र अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण कमी निघालं. आता अधिकारी काही जास्त शूर नसतात. माझा आपला अंदाज असा की अधिकाऱ्याच्या हातात नकाशा असतो, वायरलेस असतो, कोणाला कुठे हलवायचं हे ठरवायचं असतं, साध्या सैनिकाला मात्र खड्ड्यात बसून पुढचा गोळा कुठे पडतो ते ऐकायचं असतं. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला जे सांगितलं ते हेच की, काम चालू असताना काही सुचत नव्हतं, बंकरमध्ये नुसतं बसून वाट बघताना वाईट जायचं. पत्रात तुम्ही हे वाक्य जाता जाता लिहिलंय, मला ते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

कारण यावर शंभर वर्षांपासून लिहिलं गेलंय. पहिलं महायुद्ध चालू होतं त्या काळात मालिनोव्स्की नावाचा माणूस न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून तिथल्या लोकांचा अभ्यास करत होता. त्याने बघितलं की आतल्या शांत खाडीत मासेमारीला जाताना हे लोक कुठलेही मंत्रतंत्र करत नाहीत, तिथे मासे हमखास मिळतात आणि धोका नाही. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र सगळे विधी यथासांग. माणसं तीच, देव तेच, फरक फक्त हातात काय आहे आणि काय नाही याचा. मग २००६ मध्ये लेबनॉनमधून इस्राएलच्या उत्तर भागावर रॉकेटं पडत होती तेव्हाच्या तिथल्या धार्मिक बायकांचा एक अभ्यास आहे, स्तोत्रं म्हटल्याने चिंता कमी होते का असा. ज्या तिथेच रॉकेटांखाली राहिल्या त्यांना स्तोत्रांचा उपयोग झालेला दिसला, ज्या सुरक्षित भागात निघून गेल्या त्यांना तसा झाला नाही, कारण त्यांच्या काळज्या वेगळ्या होत्या, पैसे, राहायची सोय, मुलं, म्हणजे ज्यावर काहीतरी करता येतं अशा.

आता तुमची ती रात्र बघा. पुण्यातल्या घरात तुमच्यावर गोळा पडणार नव्हता हे खरं, पण तुमच्या हातात मिस्टरांइतकंही काही नव्हतं. ते निदान वाळूची पोती रचू शकत होते. तुमच्याकडे होता न लागणारा फोन आणि टीव्ही, तोही कसला, ८ मेच्या रात्री काही चॅनेलांनी कराची बंदर उडवल्याचंही दाखवून टाकलं जे सगळं खोटं निघालं. अशा वेळी तोंडाला जे पाठ असतं ते येतं. आणि तुम्हाला काय पाठ होतं ते तरी बघा. रामरक्षेत डोकं, कपाळ, डोळे, कान, खांदे, हात, गुडघे, पाय असा एकेक अवयव घेऊन त्याचं रक्षण मागितलंय. ज्या बाईचा नवरा तोफांच्या माऱ्यात आहे तिच्या डोळ्यासमोर दुसरं काय येणार होतं? तुम्ही त्यांचं अख्खं शरीर डोक्यापासून पायापर्यंत मोजत होता ताई, सगळं जागेवर आहे ना म्हणून. आजीने शिकवलेल्या गोष्टींत त्या कामाचं एवढंच होतं, ते तुम्ही वापरलं. आजीने पाढे जास्त घोटून घेतले असते तर कदाचित एकोणतीसचा पाढा आला असता.

न्यूझीलंडमध्ये देव न मानणाऱ्या लोकांवर एक प्रयोग झाला होता तोही सांगते. त्यांना स्वतःच्या मरणाचा विचार करायला लावला आणि मग विचारलं. तोंडाने त्यांनी आधीपेक्षा ठामपणे सांगितलं की देव नाही. पण कॉम्प्युटरवर भराभर बटण दाबायचं होतं तेव्हा देव खोटा आहे असं दाबायला त्यांचं बोट जरा जास्त वेळ घेत होतं. तुमची मैत्रीण म्हणते तो हाच प्रकार असेल, असू दे की. बोट अडखळलं म्हणून मत बदललं असं होत नाही. मी स्वतः देव मानत नाही, तरी आषाढीचा उपास धरते (खिचडीसाठी, खोटं कशाला बोलू) आणि देवळावरून रिक्षा गेली की हात अजूनही अर्धा वर जातो.

मैत्रिणीला द्यायला एक गोष्ट देते. प्रीमो लेवी हा इटलीतल्या तुरीनचा केमिस्ट, ज्यू, १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत गेला तेव्हा देव न मानणारा होता आणि जिवंत बाहेर आला तेव्हाही. त्याने नंतर लिहून ठेवलंय की तिथे एकदा, ऑक्टोबर १९४४ मध्ये, त्याला प्रार्थनेचा मोह झाला होता. कैद्यांची निवड चालू होती, कोण गॅस चेंबरला जाणार आणि कोण कामाला राहणार, उघड्या अंगाने हातात आपलं कार्ड घेऊन समितीपुढून जायचं होतं, आणि एक क्षणभर त्याला वाटलं की मदत मागावी. मग त्याने मागितली नाही, कारण खेळ संपत आला आणि आपण हरतोय म्हणून नियम बदलायचे नसतात असं त्याला वाटलं, आणि वाचलो असतो तर त्या प्रार्थनेची आपल्याला लाज वाटली असती असंही म्हणाला. लोक नेहमी त्याचं न मागणं तेवढं सांगतात. मला त्याचं मोह झाला होता हे लिहून ठेवणं जास्त मोलाचं वाटतं. तो लपवू शकला असता, तिथे साक्षीदार कोण होतं? आणि त्याने हेही कबूल केलंय की छावणीत श्रद्धावान लोक, मग ती धर्माची असो की राजकीय विचारांची, जास्त टिकून राहिले.

आपल्याकडे भगतसिंगांचं उदाहरण सगळे देतात. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात, फाशी जवळजवळ ठरलेली असताना, आपण देव का मानत नाही यावर त्यांनी निबंध लिहिला. एका मित्राने त्यांना म्हटलं होतं की शेवटच्या दिवसांत तूही मानायला लागशील, हुबेहूब तुमच्या सासूबाईंचं वाक्य. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. पण त्याच निबंधात ते मान्य करतात की श्रद्धेने माणसाला मोठा आधार मिळतो आणि वादळात स्वतःच्या पायावर उभं राहणं हे पोरखेळ नाही, आणि शेवटी बढाई न मारता म्हणतात, बघू मी कितपत टिकतो. २३ मार्च १९३१ ला ते फासावर गेले, टिकले. हे दोघं मोठे आहेतच. पण स्वतःचं मरण समोर बघणं आणि आपल्या माणसाचं मरण लांब बसून ऐकणं यात मला दुसरं जास्त अवघड वाटतं, त्यामुळे या दोघांच्या शेजारी उभं राहून स्वतःची उंची मोजू नका.

आता देव पावला या बोलण्याबद्दल. इथे मात्र तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर आहे आणि ते धरून ठेवा. जैसलमेरकडे तनोट मातेचं मंदिर आहे, १९६५ च्या लढाईत तिथे पडलेले तोफगोळे फुटले नाहीत म्हणतात, ते न फुटलेले गोळे मंदिरात मांडून ठेवलेत आणि मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. जवानांची तिथली श्रद्धा मी हसण्यावारी नेत नाही. पण फुटलेले गोळे मांडता येत नाहीत, हे तर खरं ना? मे महिन्यात पूंछ शहरात गुरुद्वाऱ्यालाही गोळा लागला आणि मदरशालाही, त्या भागातली डझनभराहून जास्त साधी माणसं गेली. त्या चार दिवसांत आपले जवानही गेले, त्यांच्या घरीही देवघर असेल, त्यांच्या आयांनीही नवस बोलले असतील. लेवीनेच लिहिलंय, निवड संपल्यावर बराकीत एक म्हातारा आपण वाचलो म्हणून देवाचे मोठ्याने आभार मानत होता आणि शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा पोरगा पडून होता ज्याला परवा मरायचं होतं, आणि तेव्हा लेवीला त्या प्रार्थनेचा भयंकर संताप आला. युद्धाने लोक देवाकडे जातात तसे देवापासून तुटतातही, फक्त तुटलेल्यांची कोणी जत्रा भरवत नाही.

मग गोंधळाचं काय करायचं. आधी हे बघा की नवस बोलला कोणी? सासूबाईंनी. तुमच्या हातून म्हणाल्या पण तुम्हाला विचारून नाही. तेव्हा ते देणं त्यांचं आहे, तुम्ही खोटं पाडलंत असं कुठेच होत नाही. तुम्ही सरळ नाही म्हणू शकता, तो तुमचा हक्क आहे, घरात चारसहा महिने तोंडं फुगलेली राहतील इतकंच. सगळं मुकाट्याने करूनही टाकू शकता, पण तुमच्या पत्रावरून वाटतं की ते तुम्हाला नंतर टोचत राहील, आणि तो राग तुम्ही सासूबाईंवर नाही तर मिस्टरांवर काढाल.

मला एक शंका येतेय. बऱ्याच घरांत लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतात. तुमचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालं म्हणजे तेव्हा तो झाला नसणार. म्हणजे या माउलीच्या मनात तो तेव्हापासून राहिलेला असेल, तोफा फक्त निमित्त. हे एकदा विचारून बघा त्यांना, दोघीच असताना, मिस्टर यायच्या आधी. देवाचा विषयच काढू नका, त्या रात्री तुम्हाला काय वाटत होतं एवढं विचारा. एकाच घरात दोन बायका दोन खोल्यांत एकाच माणसासाठी जाग्या होत्या आणि त्याबद्दल तुम्ही एकमेकींशी अजून बोललेल्या नाही, निदान पत्रात तरी तसं कुठे नाही.

बोलणं झालं की अटी घाला, स्पष्ट. संबळ वाजू दे, चौक मांडू दे, पाहुण्यांना जेवण तुम्ही आनंदाने करा, रात्रभर जागा सुद्धा, गोंधळ्यांची कथा ऐकायला मला स्वतःला फार आवडते. पण ओटी सासूबाईंनी भरायची, त्यांचा नवस, त्यांचा हात. पाहुण्यांसमोर सूनबाईला देव आठवला ही गोष्ट कोणी सांगायची नाही, सांगितली तर तुम्ही तिथेच हसत हसत म्हणायचं की आठवली ती आजी. कर्ज काढून काही करायचं नाही. आणि खर्चातला थोडा भाग त्या भागातल्या एखाद्या गेलेल्या जवानाच्या घरी पाठवता आला तर बघा, ही अट सासूबाई नाकारतील असं मला वाटत नाही.

मिस्टरांचा काळा दोरा, तो विषय सोडा. तो दोरा साथीदाराने दिलाय आणि तो टाकला तर साथीदाराचा अपमान होतो, त्यांच्यासाठी हिशोब बहुतेक एवढाच आहे. लष्करात हे प्रकरण श्रद्धेपेक्षा सोबतीचं जास्त असतं. सियाचीनला ओपी बाबा, म्हणजे जवान ज्याला रक्षणकर्ता मानतात अशा एका जुन्या सैनिकाच्या ठाण्यावर रिपोर्ट केल्याशिवाय तुकडी पुढे जात नाही म्हणतात, मराठा पलटणीतला कुठल्याही मताचा जवान चढाईला शिवाजी महाराजांच्या नावासोबत टेंबलाई मातेचा जयजयकार करतोच. एका ख्रिश्चन अधिकाऱ्याने पलटणीच्या मंदिरात गाभाऱ्यात जायला नकार दिला म्हणून नोकरी गेली आणि २०२५ मध्ये आधी हायकोर्टाने, मग सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. ते मला कितपत पटतं हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. पण तुम्ही मिस्टरांची उलटतपासणी घेऊ नका, तुमची दोन जणांनी घेतलीये तेव्हा कसं वाटतं ते तुम्हाला माहितीये.

त्यापेक्षा ते झोपतात का ते बघा. रजेवर आले होते तेव्हा फटाक्याला दचकले का, रात्री उठून बसतात का, चिडचिड वाढलीये का. असं काही दिसलं तर राहू दे गं वर गप्प बसायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्यातच एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये सुरू झाला. तो नंबर तुम्हीही लावू शकता, तुमच्या त्या रात्रीही अजून संपलेल्या दिसत नाहीत.

असंच काहीसं लिहिणारी पत्रं मला आधीही आलीत, जहाजावर नवरा असलेल्या कोकणातल्या बायका, आयसीयूबाहेर चार दिवस बसलेली मुलं. सगळ्यांना सांगते ते तुम्हालाही, पुन्हा अशी वेळ आली तर हाताला काम द्या. युनिटमधल्या दोन घरच्यांचे नंबर आताच घेऊन ठेवा, कोणाला फोन करायचा कोणाला नाही हे ठरवून ठेवा, टीव्हीच्या बातम्या दिवसातून दोनदा आणि बास. शेजारच्या कोणालातरी झोपायला बोलवा. एवढं करूनही रामरक्षा आली तर येऊ द्या, ती थांबवण्यात जी ताकद गेली ती फुकट गेली.

आणि लेक. तिने प्रश्न विचारला ही चांगली गोष्ट आहे, तुमच्या घरात प्रश्न विचारता येतो असा त्याचा अर्थ. तिला जे झालं ते सांगा, की मला खूप भीती वाटत होती, बाबांसाठी करण्यासारखं काहीच नव्हतं, लहानपणी पणजीने शिकवलेलं तोंडात आलं, म्हटल्यावर जरा बरं वाटलं, आणि तरी मला वाटत नाही की बाबा त्यामुळे वाचले. या सगळ्या गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे अकरा वर्षांच्या मुलीला कळतं, मोठ्यांनाच जरा वेळ लागतो. ती पुढे विचारेल की मग देव आहे की नाही, तर तुमचं मत सांगा, आजीचं मत वेगळं आहे हेही सांगा, आणि तिला रामरक्षा शिकायची असली तर आजीला शिकवू द्या. पाठांतराला चांगली असते.